परातीतली खाडी

काजळी नदी रत्नागिरीजवळ भाट्याला समुद्राला मिळते. ओहोटीला खाडीतली वाळू उघडी पडली की बायका गुडघाभर पाण्यात उतरतात आणि वाळूत बोटं खुपसून तिसऱ्या वेचतात. मग बाजारात त्याच तिसऱ्यांचे वाटे लागतात. मी वाटा उचलत नाही, आधी त्याच्यासमोर बसते. ही सवय आत्येची.

"बाय, उघडी दिसली तर टिचकी मार. मिटली तर घे," ती सांगायची. कारण मला पुढे कळलं. दोन शिंपल्यांमधली बिजागरी मुळातच उघडू पाहते. आतला जीव स्नायूंच्या जोरावर शिंपले ओढून धरतो. जीव गेला की स्नायू सैल पडतात आणि शिंपले आपोआप विलग होतात. टिचकीनंतरही जी ढिम्म राहते, ती मेलेली. फुटलेलीही घ्यायची नाही.

फसवते ती मिटलेली, पण आत नुसता चिखल असलेली. एका मे महिन्यात पाहुणे जेवायला असताना अशी एकच तिसरी माझ्या नजरेतून सुटली. उकळीत ती उघडली आणि अख्ख्या पातेल्यातला रस्सा करडा झाला. सगळा ओतून द्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक तिसरी अंगठा आणि तर्जनीत धरून शिंपले आडवे सरकवून बघते. जिवंत असेल तर ती हलत नाही, चिखलाची असेल तर शिंपले घसरतात. शंभर तिसऱ्या अशा तपासायला वेळ लागतो. तो लागू द्यावा.

घरी आल्यावर त्या एकमेकींवर घासत तीन-चार पाण्यांतून धुते. हे झालं बाहेरचं. आतली वाळू आपल्याला काढता येत नाही, ती तिसरीनेच टाकायची असते. त्यासाठी तिला खाडीसारखं पाणी लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. खाडीत नदीचं गोडं पाणी मिसळतं, म्हणून मी थोडं कमी घालते. नळाच्या नुसत्या पाण्यात तिसरी घट्ट मिटून बसते, आणि वाळू आतच राहते.

पसरट परातीत एकच थर लावायचा, बुडतील एवढंच पाणी घालायचं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं. एकीवर एक रचल्या तर वरचीने टाकलेली वाळू खालची परत आत घेते. अर्ध्या तासाने हळूच डोकावलं की फटींतून दोन-दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसतात. एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर. मधूनच एखादी चिळकांडी परातीबाहेर उडते. तीन-चार तासांनी तळाशी वाळूचा पातळ थर बसलेला असतो. आता परात कलती करायची नाही. तिसऱ्या हाताने अलगद उचलून घ्यायच्या, नाहीतर टाकलेली वाळू पुन्हा त्यांच्यावरच ओतली जाते.

मग विळी. पात्याची धार शिंपल्यांच्या फटीत घालून दाबायची आणि मांस एका बाजूला ठेवून दुसरा शिंपला टाकून द्यायचा. ही एकशिपी. विळीखाली वाडगं ठेवायचं, कारण आतलं खारट पाणी म्हणजे रश्श्याचा जीव. ते मलमलच्या फडक्यातून गाळून वाटणात घालायचं, आणि मीठ चव घेतल्यावरच.

तिसरी दिवसभर खाडीचं पाणी अंगातून गाळते आणि त्यातल्या सूक्ष्म कणांवर जगते. पाण्यात गटार असेल तर तेही तिच्यातून जातं. वाळू ती परातीत चार तासांत टाकते, पण अंगात साठलेले रोगजंतू आणि जड धातू तेवढ्यात जात नाहीत, आणि धातू तर शिजवूनही जात नाहीत. घरातली सगळी निगुती तिथे संपते. म्हणून आता टिचकी मारण्याआधी मी विकणारीला विचारते, "मावशी, कुठच्या खाडीतल्या?" ती हात लांब करून दाखवते, तिकडचं पाणी स्वच्छ राहिलं तरच माझ्या परातीतल्या मिठाच्या पाण्याला अर्थ आहे.