धरण उभं आहे!

आमच्या घरात भूकंपाची थट्टा होत असे. आज हे वाक्य लिहिताना हात अडखळतो; पण खरे ते खरे.

१९६७ साली मी अकरा वर्षांचा होतो. वडील कोयना धरणावर ओव्हरसियर असल्यामुळे आमचे बिऱ्हाड कोयनानगरच्या वसाहतीत होते. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागरात पाणी साठू लागले, तेव्हापासून जमिनीखालून अधूनमधून गुरगुर ऐकू येई. फळीवरची भांडी किणकिणत. आई चुलीपुढून न उठताच म्हणे, "आले वाटतं पाहुणे!" शाळेत धक्का जाणवला तर आम्हा पोरांना आनंदच व्हायचा. गुरुजी सगळ्यांना बाहेर काढीत आणि तेवढाच गणिताचा तास बुडे!

आमच्या शेजारच्या आजी मात्र कधी हसल्या नाहीत. "धरणीमाय उगाच बोलत नाही," असे त्या म्हणत. १३ सप्टेंबरला जोराचा धक्का बसला, काही भिंतींना भेगा गेल्या आणि त्या दिवसापासून आजींनी आपले अंथरूण अंगणात टाकले. पाऊस आला तरच त्या ओसरीवर येत.

डिसेंबरात थंडी कडकडून पडली. आजींना खोकला झाला. तेव्हा माझ्या आईनेच त्यांना समजावले, "आजी, भूकंपानं नाही, पण या थंडीनं मराल. आत निजा बघू!" आईचा शब्द आजी मोडीत नसत. १० डिसेंबरच्या रात्री त्या नातवाला कुशीत घेऊन घरात निजल्या.

११ डिसेंबर. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. वेळ अर्थात मला नंतर कळली. मला जाग आली ती आवाजाने. शंभर मालगाड्या एकदम उशाखालून धडधडत जाव्यात तसा तो आवाज! खाट भिंतीकडे सरकली, परत आली, पुन्हा सरकली. कौले धडाधड कोसळू लागली. आईने तीन वर्षांच्या बहिणीला उचलले, माझे मनगट धरले आणि दार निखळून पडले होते तेथून आम्हाला ओढत बाहेर काढले. हे सारे काही सेकंदांत झाले. मागे वळून पाहिले, तो आमचे घर म्हणजे दगडमातीचा ढीग झाला होता!

चंद्र केव्हाच मावळला होता. विजेचा एकही दिवा नव्हता. मुंबईला वीज पुरवणारे आमचे गाव स्वतः काळोखात बुडाले होते. धुळीने श्वास कोंडत होता आणि चहूकडून माणसे एकमेकांना हाका मारीत होती. शेजारची सून हात धरून कण्हत बाहेर आली, पण आजी आणि नातू काही दिसेनात.

तेवढ्यात वरच्या अंगाने आरोळी आली, "धरान फुटलं! पळा, वर पळा!"

वाचकहो, भूकंपाचे भय किती असते ते मी जाणतो. पण या दोन शब्दांच्या भयापुढे ते काहीच नव्हे. १०३ मीटर उंचीचे धरण, त्यामागे कोसच्या कोस पसरलेले पाणी आणि आम्ही त्याच्या पायथ्याशी! लोक मिळेल त्या वाटेने टेकडीकडे धावू लागले. आणि वडील तर रात्रपाळीला धरणावरच होते.

आईने बहिणीला माझ्या कडेवर दिले. "हिला घेऊन वर जा. मागे बघू नकोस."

"आणि तू?"

"मी येते. आजी आत आहेत."

एवढे बोलून ती ढिगाऱ्याकडे वळली. दोन मजूर पळत चालले होते, त्यांना तिने हाक मारली. ते क्षणभर थबकले आणि मग तेही पहार घेऊन तिच्यामागे गेले.

टेकडीवर शेकडो माणसे कुडकुडत बसली होती. जमीन पुनःपुन्हा हादरत होती. बहीण "आई, आई" करून रडत होती आणि मी कान देऊन पाण्याचा आवाज ऐकत होतो. वारा आला तरी वाटे, आले पाणी! आई खाली आहे, वडील धरणावर आहेत. आपण दोघेच उरणार, असे माझ्या मनाने धरले होते.

मग हळूहळू फटफटले. समोरच्या धुक्यातून आधी एक करडी रेघ दिसली आणि ती रुंद होत गेली. कोणीतरी ओरडले, "धरण उभं आहे!" म्हातारी माणसे जागच्या जागी हात जोडून रडू लागली.

मी धावत खाली आलो. आई दगडांवर बसली होती. तिची नखे फुटून रक्ताळली होती. मांडीवर आजींचा नातू होता, जिवंत! आजींनी त्याला आपल्या अंगाखाली घेतले होते. त्या स्वतः मात्र गेल्या होत्या. आठाच्या सुमारास वडील धुळीने माखून आले. धरणाला आडव्या भेगा गेल्या होत्या, पण ते टिकले होते.

त्या भूकंपाने सुमारे १८० माणसे नेली, दोन हजारांहून अधिक जखमी केली. दख्खनचे पठार अढळ, असा तोवर समज होता, तो पार मोडला. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले, की जलाशयाचा भार आणि खडकांच्या फटींत मुरणारे पाणी यांमुळे मुळातच ताणलेला खडक सरकू शकतो. धरण नंतर भक्कम करण्यात आले. आजही तेथे लहान धक्के बसतात. १९९३ मध्ये किल्लारीची बातमी आली, तेव्हा आई दिवसभर रेडिओपाशी बसून होती. जेवली नाही.

"मीच त्यांना आत बोलावलं," हे तिचे शल्य कधी गेले नाही. वडील म्हणत, "अगं, पोरगं तूच वाचवलंस ना?" ती मान हलवी, उत्तर देत नसे. धनत्रयोदशीला यमदीप लावला, की त्याच्याशेजारी ती आणखी एक पणती अंगणात ठेवी. कोणासाठी, ते आम्ही कधी विचारले नाही.

आता आई नाही. आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, अंगणही नाही. माझ्या उशाशी मात्र रोज विजेरी आणि चपला असतात. नातवंडे हसतात. मी त्यांना हसू देतो, पण विजेरी हलवू देत नाही. आणि धनत्रयोदशीला आमच्या गॅलरीत दोन पणत्या लागतात.