वस्तीवरचा डॉबरमन : बांधायचा की पाळायचा?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, हुमणी आणि खोडवा यांवर लिहितो. आज कुत्र्यावर लिहितो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण प्लॉट पाहणीसाठी वस्त्यांवर फिरताना गेल्या काही वर्षांत एक बदल दिसतो. पूर्वी वस्तीवर आपले गावठी कुत्रे असे. आता मोटारीची केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या चोरीला जाऊ लागल्या, म्हणून सभासद चांगले पैसे मोजून डॉबरमन आणतात आणि दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधतात. सारे चुकते ते इथेच. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणूनच सांगण्याचे धाडस करतो.

माझी चूक

सात वर्षांपूर्वी मी दोन महिन्यांचे नर पिल्लू आणले. पोरांनी नाव ठेवले राजा. गळीत हंगामात माझा दिवस पहाटे सुरू होतो तो रात्री संपतो. राजा दिवसभर साखळीला. 'कडक झाला पाहिजे' म्हणून मी त्याला ओसरीवर येऊ देत नसे. आल्यागेल्यावर भुंकला की शाबासकी देई.

राजा दीड वर्षाचा झाला, तेव्हा शेजारच्या रानात तोडणी चालू होती. टोळीतली सात-आठ वर्षांची एक पोर कळशी घेऊन आमच्या वस्तीवर पाण्याला आली. राजाने हिसका दिला, साखळीची कडी उघडली आणि त्याने तिची पोटरी धरली. माझ्या आईने धावत जाऊन सोडवले. पोरीची आई हातातला कोयता टाकून सरीतून पळत आली. त्या बाईचा चेहरा मी विसरलेलो नाही.

जखम साबणाने धुतली, पोरीला मोटारसायकलवर घेऊन सरकारी दवाखाना गाठला, लशीचे सगळे डोस पुरे केले. पोर बरी झाली. त्या रात्री मी राजाला देऊन टाकायची भाषा करू लागलो, तेव्हा आई म्हणाली, "त्याचा काय दोष रे? तू त्याला कधी माणूसच दाखवला नाहीस. खांबाला बांधलेलं जनावर दुसरं काय करणार?"

ही जात कोठली?

आईचे म्हणणे बरोबर होते, हे पुढे वाचल्यावर कळले. डॉबरमन हा जर्मनीतला. थुरिंगिया प्रांतात आपोल्डा नावाचे गाव आहे. तेथे कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान (1834–1894) हा करवसुलीचे काम करी आणि गावातली भटकी कुत्रीही धरी. वसुलीला फिरताना सोबत हुशार, धाडसी कुत्रा हवा म्हणून त्याने ही जात तयार करायला सुरुवात केली. म्हणजे हा कुत्रा मुळात मालकाच्या बरोबर चालण्यासाठी घडवलेला आहे. एकटा बांधला की तो बिथरतो, जागच्या जागी फेऱ्या मारतो, सावलीवरही धावून जातो.

पूर्ण वाढलेला नर खांद्याशी 68 ते 72 सेंटिमीटर उंच आणि 40 ते 45 किलो वजनाचा असतो. एवढे जनावर हिसका देते तेव्हा साखळी कामाला येत नाही. कामाला येते ती त्याला लहानपणी लावलेली शिस्त.

पिल्लू आणताना

आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार ते विकताही येत नाही. शक्य तर पिल्लाची आई पाहून घ्यावी. जिची आई माणसाला भिते, तिची पिल्लेही बहुधा भित्री निघतात, आणि चावणारी बरीच कुत्री भित्रीच असतात.

पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लाला सगळे दाखवावे : पोरेटोरे, म्हातारी माणसे, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, ट्रॅक्टर, बैलगाडी, शेळ्या. लसीकरण पुरे होईपर्यंत मात्र परक्या कुत्र्यांत जमिनीवर सोडू नये; कडेवर घेऊन हिंडवावे. बस, थांब, सोड, ये एवढे चार शब्द रोज दहा मिनिटे शिकवावेत. चुकल्यावर मारण्यापेक्षा जमल्यावर खाऊ देणे लवकर गुण देते. घरच्या सर्वांनी शब्द मात्र एकच वापरावेत.

रोज सकाळ-संध्याकाळ मिळून किमान तासभर व्यायाम हवा. याचे केस आखूड, त्यामुळे थंडीत त्याला कोरडे अंथरूण आणि आडोसा लागतो. उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत आणि मावळल्यावरच फिरवावे. कान कापणे आणि शेपूट छाटणे हा निव्वळ दिखावा आहे. खुद्द जर्मनीने कान कापायला 1987 मध्ये आणि शेपूट छाटायला 1998 मध्ये बंदी घातली.

बिबट्याचे काय?

"साहेब, डॉबरमन असल्यावर बिबट्या वस्तीवर येत न्हाई, खरं का?" असे अनेकजण विचारतात. हे खरे नाही. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या कडेला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेले आवतण. त्याला पळताही येत नाही. रात्री कुत्रा घरात किंवा पक्क्या, वरून बंद असलेल्या जाळीच्या खोलीत घ्यावा. तो आतून भुंकला तरी आपल्याला जाग येते, राखण होते.

खाणे आणि आजार

नुसत्या दूध-भाकरीवर याचे भागत नाही. अंडी, बिनमसाल्याचे शिजवलेले मटण किंवा चिकन, भात, भाजी असे दोन वेळा विभागून द्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षबागवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. उंदरांचे औषध आणि दाणेदार कीटकनाशके कुलपातच ठेवावीत.

जेवल्यावर तासभर पळवू नये. पोट टम्म फुगले, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, असे दिसले तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तडक डॉक्टर गाठावा. या जातीत हृदय मोठे होऊन कमजोर पडण्याचा आजार फार आहे. लवकर दमणे, खोकणे, एकाएकी कोसळणे ही त्याची लक्षणे. चार वर्षांनंतर दरवर्षी हृदय तपासून घ्यावे. काहींत रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोषही असतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जातीची कल्पना द्यावी. गोचिडांपासून ताप येतो, तेव्हा गोठ्यातल्या जनावरांबरोबर कुत्र्याचीही गोचिडे काढावीत.

रेबीजची लस तीन महिन्यांनी, मग डॉक्टर सांगतील तशी, आणि पुढे दरवर्षी चुकू नये. कुत्रे कोणाला चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि सर्व डोस पुरे करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल.

शेवटी

ज्याला रोज तास-दीड तास देता येत नाही, त्याने डॉबरमन आणू नये. आपले गावठी कुत्रे काटक आहे, इमानी आहे, त्याला लस टोचून प्रेमाने पाळावे. आणि डॉबरमन आणलाच, तर दहा-बारा वर्षांसाठी घरात एक माणूस वाढला असे समजावे.

आमचा राजा आता ओसरीवर आईच्या पायाशी झोपतो. त्याला माणसांत आणायला मला वर्ष लागले. परके माणूस आले की भुंकतो, मी 'बस' म्हटले की बसतो. पण त्या प्रसंगानंतरच्या हंगामात तीच टोळी आली, तेव्हा ती पोर बांधावरच उभी राहिली आणि म्हणाली, "काका, कुत्रं बांधलंय का?" मी राजाला आत कोंडले, तेव्हा कुठे ती पाण्याला आली. कुत्रा सुधारला, पण पोरीची भीती काही गेली नाही.

येत्या हंगामात आपल्या शिवारात टोळ्या उतरतील, त्यांची लेकरे आपल्याच वस्त्यांवर पाण्याला येतील. त्याआधी आपापल्या कुत्र्याची लस, पट्टा आणि शिस्त तपासून घ्यावी, ही विनंती.