दिवाण बदलण्यापूर्वी

आमच्या दांडिया बाजारातील जुन्या घराच्या माळ्यावर एक शिसवी पेटी आहे. तिच्यात तांबड्या रुमालांत बांधलेली मोडी कागदपत्रे आहेत. माझे वडील ती घडाघडा वाचीत. मला अक्षरे ओळखू येतात, पण वाक्य लागत नाही. आणि माझ्या मुलाला तर ती नुसती वळणदार नक्षी वाटते. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. हरवली ती वाचण्याची किल्ली. संगणकापुढे बसलो असताना या पेटीची आठवण व्हावी, हा योग थोडा चमत्कारिक खरा. पण तो आला.

सध्या मी आमच्या कुळवृत्तांताची दुसरी आवृत्ती सिद्ध करीत आहे. पहिली २००३ साली निघाली. मजकूर वडिलांनी सांगितला, मी टंकित केला आणि पानेही मीच लावली. आता नव्या पिढ्यांची नावे, छायाचित्रे आणि मोठा वंशवृक्ष घालावयाचा आहे. काम रंगात आले आणि यंत्राचीच अडचण उभी राहिली. माझ्या संगणकाचा कारभार विंडोज १० पाहत असे. तिला मिळणारी नेहमीची सुरक्षेची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रातच असावी लागते, आणि माझ्या २०१३ सालच्या यंत्रात ती नाही. एरवी यंत्र अगदी ठणठणीत!

भाचा म्हणाला, “मामा, नवीन यंत्र कशाला घेता? लिनक्स घालून पाहा.”

हेलसिंकी येथील लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा पाया घातला. पुढे जगभरच्या असंख्य जाणत्यांनी ती वाढविली. तिची बहुतेक रूपे विनामूल्य मिळतात. शिवाय पेन ड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. सोयरीक ठरविण्यापूर्वी घर पाहून यावे, तसे मी महिनाभर हेच केले.

अनुभव बरा आला. लेखनाला लिबरऑफिस, वंशवृक्षाच्या रेखाटनाला इंकस्केप, छायाचित्रांना गिम्प आणि पाने लावण्यास स्क्रायबस. या स्क्रायबसविषयी मी धास्तावलो होतो, कारण तिच्या जुन्या आवृत्त्यांत आपली जोडाक्षरे फुटत. २०२४ च्या १.६ या आवृत्तीत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ सुखरूप उतरलेले पाहून जीव भांड्यात पडला. उणिवाही आहेत. फोटोशॉप आणि इनडिझाइन लिनक्ससाठी निघतच नाहीत; आणि गिम्पचे मुख्य काम पडद्याच्या तीन रंगांत चालते, छापखान्याच्या चार शायांची कसर पुढे स्क्रायबसमध्ये भरून काढावी लागते. भाचा छायाचित्रांवर पोट भरतो. तो स्वतः विंडोज ११ चे नवे यंत्र घेऊन मोकळा झाला. मी थट्टा केली, तेव्हा म्हणाला, “मामा, माझं गिऱ्हाईक फोटोशॉपचीच फाइल मागतं. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे आपलेच नातेवाईक!” त्याचे म्हणणे खरे आहे. ज्याचा धंदा एखाद्या हत्यारावर चालतो, त्याने केवळ हौसेपायी ते टाकू नये.

पण खरा धक्का पुढेच होता. २००३ ची मूळ फाइल उघडली, तो वडिलांच्या शब्दांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! पानेच्या पाने तशी. प्रथम मी लिनक्सला दोष दिला. दोष तिचा नव्हता. त्या काळचे आमचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. तो फाँट असेल तर मराठी दिसावे, नसेल तर खिचडी. मग विंडोज असो वा लिनक्स. त्यावर ती फाँटची प्रणाली संगणकाच्या पाठीशी खोचलेल्या एका कुलपाशिवाय चालत नसे. युनिकोडची गोष्ट निराळी. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिने देवनागरीला स्वतःची जागा दिली आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, आणि तो कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो.

१८७५ मध्ये सर टी. माधवराव आमच्या बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या आधी दिवाण होते, नंतरही झाले. दिवाण बदलले, पण दप्तर राज्याचे राहिले. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा दिवाण. मी मात्र कोणता दिवाण चांगला याचाच महिनाभर खल करीत बसलो होतो, आणि दप्तराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे एकदाही विचारले नव्हते.

मग क्रम बदलला. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा, नंतर दिवाण बदलावयाचा. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांवर विसंबता येत नाही. आमचे पूर्वज कारभारी. जेथे जेथे ‘कारभाऱ्यांचे’ होते तेथे तेथे ‘र’ गळून ‘कारभा यांचे’ झाले. म्हणून रोज संध्याकाळी नात पडद्यावरून मोठ्याने वाचते आणि मी छापील पुस्तकावर बोट ठेवून ताडून पाहतो. वडिलांची वाक्ये तिच्या तोंडून ऐकताना कित्येकदा माझे बोट ओळीवरून चुकते.

लिखाणाचे आणि पानांचे काम आता लिनक्सवर चालते. जुनी विंडोज १० एका वेगळ्या डिस्कवर, इंटरनेट तोडून, शेवटची जुनी फाइल उतरेपर्यंत ठेवली आहे. तयार मजकुराच्या दोन प्रती दोन घरी असतात.

परवा नातीने विचारले, “आजोबा, पेटीतल्या मोडीलाही असे क्रमांक आहेत का हो?”

आहेत. २०१४ साली युनिकोडने मोडीलाही जागा दिली. क्रमांक मिळाल्याने मोडी वाचता येते असे नव्हे. ती शिकावीच लागते. तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ती पेटी माळ्यावरून खाली काढली.