दयेचा दुसरा दिवस

माढ्याच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आज उजनीचे पाणी आले, तालुक्यात ऊस उभा राहिला, तरी १९७२ साली खडी फोडलेले हात अजून आपल्यात आहेत, आणि सुकडीची चव विसरली नाही अशी माणसेही आहेत. आमच्या जिल्ह्यातील दयेची सर्वांत प्रसिद्ध कथाही दुष्काळाचीच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा लहानपणी ऐकली नाही असा मनुष्य येथे विरळाच. तेव्हा ख्रिस्ती धर्मात दयेला कोणते स्थान आहे, हा विषय आपण परक्या गावचा मानण्याचे कारण नाही. दामाजीपंतांच्या मुलखातील माणसाने तो आपल्या अनुभवाच्या मापाने मोजून पाहावा.

ख्रिस्ती धर्मग्रंथातील शोमरोनी माणसाचा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका वाटसरूला चोर लुटतात आणि अर्धमेला करून टाकतात. प्रथम एक याजक येतो, मग मंदिराचा एक सेवक येतो. दोघेही दुसऱ्या बाजूने निघून जातात. तिसरा येतो तो शोमरोनी, म्हणजे ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवीत नसत अशा समाजातला. तो जखमा बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवितो आणि उतारशाळेत नेऊन त्याची शुश्रूषा करतो.

सांगणारे बहुधा येथेच थांबतात. पण दृष्टांत येथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघताना उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेवतो आणि सांगतो की, याची काळजी घे. याहून अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा तो मी भरीन. पहिल्या दिवशीची दया कळवळ्याची होती. दुसऱ्या दिवशीची दया व्यवस्थेची आहे. तिच्यात पैसा आहे, दुसऱ्यावर सोपविलेले काम आहे, आणि परत येण्याचा शब्द आहे. आमच्या मते दृष्टांताचे खरे वजन या दुसऱ्या दिवसात आहे.

ही दया ख्रिस्ती मनुष्य कशासाठी करतो? पुण्य गाठीला बांधण्यासाठी, असे त्याच्या धर्माचे उत्तर नाही. मोठे कर्ज माफ झालेल्या चाकराने आपल्या सोबत्याला किरकोळ कर्जासाठी तुरुंगात टाकले, असा आणखी एक दृष्टांत त्या ग्रंथात आहे. त्याचा आशय असा की, मनुष्य स्वतःच देवाच्या क्षमेवर जगत आहे. म्हणून त्याने केलेली दया हे उपकार नव्हेत, मिळालेल्याची ती पोच आहे. दया करणारा येथे उंचावर बसलेला दाता नसतो. तोही एकेकाळी वाटेवर पडलेलाच असतो.

ही गोष्ट अक्षरशः जगलेली एक मराठी स्त्री आपल्याच रेल्वेमार्गावर होऊन गेली. माढ्याहून पुण्याकडे निघाले की कुर्डूवाडी, दौंड मागे पडते आणि केडगाव येते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण ही तिघेही उपासमारीत गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी देश हिंडत राहिले.

पुढे वैधव्य आल्यावर त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना कसे सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना पुन्हा माणसांत आणण्याचे काम धर्माच्या नावाने चालते, हे त्यांना नवे होते. याचे मूळ कोठे आहे असे विचारता भगिनींनी त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना आधी दया दिसली, तत्त्वज्ञान नंतर आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. हा झाला पहिला दिवस. दुसरा दिवस केडगावी सुरू झाला. तेथे विहिरी खणल्या, शेती उभी केली, विणकाम आणि शिवणकाम शिकविले. छापखान्यात मुलीच खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना बोटांनी वाचण्याची लिपी शिकविली. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. रमाबाई १९२२ साली वारल्या. त्यांचे काम आजही चालू आहे.

येथे एक आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भुकेल्याला घास देऊन त्याचा धर्म घ्यावा, ही दया की सौदा? हा प्रश्न रमाबाईंच्या हयातीतच उठला. १८९३ साली शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती वळण पडत असल्याच्या कारणावरून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना आपण बोलावीत नाही, परंतु आपली प्रार्थना दार लावूनही करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, हिंदूच राहिल्या आणि कर्व्यांच्या आश्रमासाठी झटल्या. मुक्ती मिशन मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

आमचे म्हणणे असे की, उपाशी माणसाचा होकार पूर्ण मोकळा नसतो, हे प्रत्येक धर्माच्या दात्याने ध्यानात ठेवावे. आणि हा न्याय बाहेरून आणण्याची गरज नाही. त्या दृष्टांतातील शोमरोनी जखमी माणसाला त्याचा धर्म विचारीत नाही, आपला सांगत नाही. बिल भरतो आणि निघून जातो. ख्रिस्ती दयेची सर्वांत कडक परीक्षा ख्रिस्ताच्याच गोष्टीत आहे.

आमच्या भागात दया पहिल्या दिवशी कमी पडत नाही. अपघात झाला की गाव धावतो. कर्त्या शेतकऱ्याने जीव दिला की घरापुढे माणसे मावत नाहीत. पण तेराव्यानंतर त्या विधवेच्या नावावर सातबारा चढविण्यासाठी तलाठ्याकडे तिच्याबरोबर कोण जातो? ऊसतोड्याच्या टोळीतील मूल आजारी पडले, तर त्याला दवाखान्यात पोचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशीला कोण जातो? येथून घरी जाताना आपण प्रत्येकाने असे एक घर आठवावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेथे जाऊन यावे.