नंबर चेसिसवर, अर्थिंगही चेसिसलाच

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, गाड्यांवरचा 'एमएच २५' मात्र तसाच राहिला. तो आकडा गावाच्या नावाला नाही, आरटीओ कार्यालयाला दिलेला आहे. तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठेही पाहा, एमएच १२ आणि एमएच १४च्या गाड्या हमखास दिसतात. पुण्या-पिंपरीत वापरून झालेली गाडी इकडे येते आणि पुढची कित्येक वर्षं पळते. अशी गाडी घेताना लोक रंग पाहतात, टायर पाहतात, एसी लावून पाहतात. नंबरप्लेट तर पाहतातच. पण प्लेट काढता-घालता येते. गाडीची खरी ओळख पोलादात पंच केलेली असते, आणि तेच पोलाद गाडीच्या वायरिंगचा अर्धा भागही असतं. म्हणून ओळख आणि वीज या दोन गोष्टी एकत्रच समजून घेतलेल्या बऱ्या.

आधी ओळख. चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. बोलेरोसारख्या गाडीत तो खालच्या फ्रेमवर सापडतो. लहान कारमध्ये कधी बॉनेटखालच्या आडव्या पत्र्यावर, कधी पुढच्या सीटखालच्या मॅटच्या आत. पहिली तीन चिन्हं कंपनीची. एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमए१ म्हणजे महिंद्रा, एमए३ म्हणजे मारुती सुझुकी. पुढची काही चिन्हं मॉडेल, इंजिन वगैरेंची आणि शेवटचे आकडे त्या एकाच गाडीचे. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं या नंबरात कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. कुणी दाखवलेल्या नंबरात 'ओ' दिसला, तर वाचणाऱ्याची चूक आहे किंवा नंबरच बनावट आहे.

गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली हेही गाडीवरच्या या ओळखीत असायला हवं, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२वा नियम सांगतो. अनेक कंपन्या वर्षासाठी दहावी जागा वापरतात: एल २०२०, एम २०२१, एन २०२२. मग ओ वगळून पी २०२३ आणि क्यू वगळून आर २०२४. पण सगळ्याच कंपन्या ही जागा वापरत नाहीत, म्हणून या अक्षरावरून लगेच भांडायला जाऊ नका. आरसीवरच्या उत्पादनाच्या महिन्याशी ताडून पाहा. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नोंदली की विकणारा तिला नव्या वर्षाची म्हणतो. सौदा करताना बनल्याचं वर्ष धरावं, नोंदणीचं नव्हे.

आता प्रश्न असा, की कानस मारून हा नंबर घासून टाकला तर? चोरीच्या गाड्यांत तेच होतं, आणि इथेच धातूचं शास्त्र चोराच्या आड येतं. लोखंडी पंच ठोकून आकडा उमटवतात तेव्हा फक्त वरचा पत्रा दबत नाही. त्याच्या खालच्या थरातल्या स्फटिकांची रचनाही पिळली जाते, तिथे ताण कायमचा अडकून राहतो. वरचा खड्डा घासून सपाट केला तरी खालचा हा पिळलेला थर शिल्लक असतो. ताणलेलं पोलाद शेजारच्या निवांत पोलादापेक्षा रसायनाला वेगळ्या वेगाने प्रतिसाद देतं. म्हणून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत ती जागा आरशासारखी घासून तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉपर क्लोराईडचं द्रावण फिरवतात, आणि गेलेले आकडे हळूहळू वर येतात. कधी काही मिनिटं लागतात, कधी तासही. फार खोलवर घासलेलं किंवा वेल्डिंग मारलेलं असेल तर मात्र काही हाती लागत नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेत तो ताण विरघळून जातो. तुम्हाला आम्लाची गरज नाही. नंबराच्या आसपास ताजा रंग, कानशीचे ओरखडे किंवा वेल्डिंगची रेघ दिसली, की तिथूनच परत फिरावं.

    

आता वीज. घरात वीज जायला एक वायर आणि परतायला दुसरी. गाडीत परतीची वायर बहुतेक ठिकाणी नसतेच. बॅटरीचं ऋण टोक जाड काळ्या केबलने बॉडीला जोडलेलं असतं. दिवा, हॉर्न, सेल्फ, सगळ्यांचा प्रवाह पोलादातूनच बॅटरीकडे परततो. मेकॅनिक याला अर्थिंग म्हणतात, आणि 'अर्थ नीट नाही' हे त्यांचं निदान बहुतेक वेळा अगदी शास्त्रशुद्ध असतं. हिशेब पाहा. सेल्फ मारताना साधारण दीडशे अँपिअर प्रवाह लागतो. काळ्या केबलच्या बोल्टखाली गंज चढून ०.०२ ओहम इतका किरकोळ रोध आला, तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारापैकी तीन गेले, की सेल्फ नुसता टकटक करतो. मग गिऱ्हाईक नवी बॅटरी घेतं, आणि बोल्ट खोलून सँडपेपर मारला असता तर भागलं असतं.

म्हणून बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावून घ्या. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे, म्हणून भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२च्या आसपास असेल तर ती निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. तेव्हाही बारावरच अडकलं असेल तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे, म्हणजे जुने लोक ज्याला डायनामो म्हणतात त्याच्याकडे. नव्या गाड्यांत काही वेळा संगणक मुद्दाम चार्जिंग कमी करतो, तेवढी सूट द्यावी.

धाराशिवच्या बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा. बाहेर चाळीस अंश असताना बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक असतं, आणि तापमान दहा अंश चढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. आतल्या शिशाच्या पट्ट्या तेव्हा झिजतात. पण गाडी अडते डिसेंबरच्या पहाटे, कारण गारठ्यात ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकदही उतरते. दोष थंडीला दिला जातो.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर एक लेबल असतं. कोणता फ्यूज कशाचा हे त्यावर छापलेलं असतं, आणि फ्यूजच्या रंगावरून त्याचा आकडा कळतो: लाल दहा अँपिअर, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. मूळ हॅलोजन बल्ब साधारण ६० वॅटचा, म्हणजे पाच अँपिअरचा. गावाकडच्या अंधारात दिसावं म्हणून त्या जागी शंभर वॅटचे दोन बसवले, की दोन्हींचे मिळून सतरा अँपिअर होतात. फ्यूज उडतो, मग कुणी तिथे हिरवा फ्यूज घालतं, कुणी तारच पिळतं. फ्यूज टिकतो आणि वायर वितळते. गाड्यांना लागणाऱ्या आगींचं हे एक ओळखीचं कारण आहे. जळाला त्याच आकड्याचा फ्यूज लावा. तोही पुन्हा उडाला तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

आणि बॅटरी सोडवायची वेळ आलीच तर काळी केबल आधी काढा, लावताना ती शेवटी लावा. उलट केलंत आणि लाल टोकावरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर अख्खी बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते.