शर्यतीचा पट्टा: वस्तू की व्यवस्था?

मागच्या वेळी आपण मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या संवादातला रथ पाहिला. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजेही रथ नाही. मग रथ म्हणायचं कशाला? त्यावर जे प्रश्न आले त्यांत एक वेगळाच आहे. जर्मनीत नोकरी करणारा एक तरुण श्रोता लिहितो, ‘सर, रथाचं कळलं. माझ्याकडे माझदा एमएक्स-5 आहे, उघड्या टपाची. सुट्टीच्या दिवशी न्यूरबुर्गरिंगला चालवतो. तिला रेसिंग हार्नेस बसवायचा आहे. चार-पॉइंट घेऊ की सहा-पॉइंट?’

त्यानं गमतीनं विचारलं असेल. मी मात्र तो प्रश्न गंभीरपणे घेणार आहे. एक तर त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि दुसरं, रथाचाच प्रश्न त्यानं नकळत पुन्हा विचारला आहे. पट्टा ही वस्तू दुकानात मिळते. सुरक्षितता दुकानात मिळत नाही. ती पट्टा, सीट, बोल्ट, गाडीचा सांगाडा आणि माणसाचं शरीर यांच्या संबंधात असते.

आधी गाडीत मुळात असलेला पट्टा समजून घेऊ. तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्यानं 1959 मध्ये आणला. आज तो एकटा काम करत नाही. टक्कर झाली की तो आधी घट्ट होतो, मग ठरावीक जोरानंतर थोडी ढील देतो, तोवर एअरबॅग समोर आलेली असते. शरीर थोडं पुढे जातं, खांदा थोडा वळतो. ही ढील म्हणजे दोष नव्हे, ती हिशेबात धरलेली असते.

हिशेब किती मोठा आहे ते बघा. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी आदळली आणि गाडीचा चुराडा व पट्ट्याचं ताणणं मिळून शरीराला थांबायला 60 सेंटिमीटर मिळाले असं धरू. मग मंदन गुरुत्वाच्या सुमारे 16 पट येतं. 70 किलोच्या माणसाला थांबवायला अकराशे किलो वजनाइतका जोर लागतो. हा जोर कुठल्या हाडांवर पडतो आणि कुठल्या बोल्टमधून गाडीत उतरतो, हार्नेसची सगळी विद्या एवढ्यात आहे.

आता त्याचा प्रश्न. चार-पॉइंटमध्ये दोन पट्टे खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून. धक्का बसला की छाती पुढे जाते, खांद्याचे पट्टे ताणले जातात आणि बकलला वर ओढतात. कमरेचा पट्टा हाडांवरून सरकून मऊ पोटावर चढतो, आणि शरीर त्याच्याखालून पुढे घसरतं. इंग्रजीत याला ‘सबमरीनिंग’ म्हणतात, म्हणजे पाणबुडीसारखं खाली जाणं. पोटातल्या अवयवांना यात भयंकर इजा होते. म्हणून मांड्यांमधून येणारा पाचवा पट्टा, किंवा पाचवा आणि सहावा. त्यांचं काम माणसाला धरणं हे नाही, बकलला खाली धरून ठेवणं हे आहे. काही चार-पॉइंट पट्ट्यांत एका खांद्याचा पट्टा शिवणीच्या घडीतून थोडा सुटेल अशी सोय असते, म्हणजे शरीर किंचित वळतं आणि घसरणं टळतं. अशी सोय नसलेला चार-पॉइंट पट्टा घेऊ नये. बकेट सीट असेल तर सरळ सहा-पॉइंट.

पण थांबा. सहा-पॉइंट घेतला म्हणजे झालं का? इथेच रथ आठवायचा.

पहिला अवयव सीट. गाडीबरोबर आलेल्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे जायला नीट भोकं नसतात, मांड्यांमधल्या पट्ट्याला तर वाटच नसते. पट्टे खांद्यावरून बाजूला घसरतात, मागे झुकणारी पाठ जोराखाली मोडू शकते. म्हणजे न झुकणारी, पट्ट्यांसाठी भोकं असलेली बकेट सीट आली.

दुसरा अवयव डोक्यावरचा सांगाडा. हा मुद्दा लोक विसरतात. साध्या पट्ट्यात गाडी उलटली आणि छत दबलं तर माणूस थोडा तरी बाजूला कलंडू शकतो. हार्नेसमध्ये तो खुंटीला बांधल्यासारखा ताठ असतो. छत खाली आलं तर सगळा भार मानेवर. उघड्या टपाच्या गाडीत तर छतच नाही. म्हणून एमएक्स-5 मध्ये आधी खरा रोल बार, मग हार्नेस. शोभेची कमान चालणार नाही. तपासायची साधी रीत आहे: हेल्मेट घालून सीटवर बसायचं, पुढच्या काचेच्या चौकटीपासून रोल बारच्या माथ्यापर्यंत सरळ काठी ठेवायची, आणि हेल्मेट त्या काठीच्या खाली राहतंय का ते दुसऱ्याकडून पाहून घ्यायचं.

तिसरा अवयव मान. धड घट्ट बांधलं की पुढे जायला उरतं ते फक्त डोकं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरा; 16 पटीनं ते जवळजवळ शंभर किलो होतात, आणि ते मानेनं पेलायचे. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना 500 शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा अमेरिकेचा नामांकित शर्यतपटू भिंतीवर आदळून गेला. कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. डोकं हार्नेसशी जोडून धरणारं ‘हॅन्स’ नावाचं साधन तेव्हा उपलब्ध होतं. मिशिगनमधले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्याबरोबर ते 1980 च्या दशकात घडवलं होतं. अर्नहार्टनं ते घातलेलं नव्हतं. त्याच वर्षी नॅस्कारनं डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनमध्ये 2003 पासून झालं. हे साधन खांद्याच्या पट्ट्यांखाली बसतं, साध्या सीटबेल्टबरोबर चालत नाही. म्हणजे घट्ट हार्नेस मानेचा प्रश्न उभा करतो आणि त्याचं उत्तरही हार्नेसवरच टेकतं.

आता बसवणं. खांद्याचे पट्टे खांद्याच्या उंचीवरून जवळजवळ आडवे मागे गेले पाहिजेत. एफआयएचा नियम 45 अंशांपेक्षा जास्त उतार चालवून घेत नाही, आणि तो 10 अंशांच्या आत ठेवा अशी शिफारस करतो. पुष्कळ जण मागच्या बाजूला जमिनीतच बोल्ट मारतात. मग धक्क्यात पट्टा माणसाला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो, आणि तो दाब थेट मणक्यावर येतो. कमरेचा पट्टा हाडांच्या कडेखाली, खाली आणि मागे गेला पाहिजे. साधारण 45 ते 80 अंश, नेमका कोन पट्ट्याच्या पुस्तिकेत बघा.

सीटला किंवा सीटच्या आधाराला पट्टा बांधायचा नाही, एफआयएनं त्याला मनाईच केली आहे. गाडीत सीटबेल्टसाठी मुळात असलेली ठिकाणं वापरावीत. नवं भोक पाडायचंच असेल तर पत्र्याखाली निदान 40 चौरस सेंटिमीटरची, 3 मिलिमीटर जाड पोलादी पट्टी हवी. पत्त्याच्या पानाहून थोडी लहान वस्तू आहे, पण ती नसेल तर अकराशे किलोचा जोर वॉशरएवढ्या जागेवर येतो आणि बोल्ट पत्रा फाडून निघतो. बोल्टही हार्नेसबरोबर सांगितलेल्या दर्जाचाच. तीन दांड्यांच्या बकलमधून पट्टा ओवताना टोक शेवटी उलटं फिरवून पुन्हा आत घालायचं आणि निदान 8-10 सेंटिमीटर शेपूट बाहेर ठेवायचं, नाहीतर ताणात पट्टा निसटतो. आणि पट्टा कुठेही पिळलेला किंवा एका कडेला गोळा झालेला नको. अर्नहार्टच्या गाडीत कमरेचा एक पट्टा तुटलेला सापडला, आणि नॅस्कारच्या अहवालात त्याचं कारण हेच दिलं: पट्टा लांबी जुळवणाऱ्या कडीच्या एका कडेला गोळा झाला होता.

घेताना लेबल बघा. एफआयएचं आजचं मानक 8853-2016, अमेरिकेत एसएफआय 16.1 आणि 16.5. एसएफआयच्या पट्ट्याची मुदत बनवल्यापासून दोन वर्षं. एफआयएच्या लेबलवर अखेरचं वर्ष छापलेलं असतं. उन्हानं धागा कमकुवत होतो, डोळ्यांना ते दिसत नाही. अपघातात ताणलेला पट्टा पुन्हा वापरायचा नाही. स्वस्तातल्या नकला बाजारात आहेत, त्यामुळे माहितीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

बांधतानाही क्रम असतो: आधी कमर, खाली आणि घट्ट, मग मांड्यांमधले, शेवटी खांदे. खांदे आधी ओढले तर कमरेचा पट्टा वर येतो, आणि पुन्हा तेच पाणबुडीचं प्रकरण.

राहिला रस्ता. न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर पर्यटक म्हणून चालवताना जर्मनीचे रस्त्याचेच नियम लागू असतात. शर्यतीसाठी एफआयएची मान्यता असणं म्हणजे रस्त्यासाठीची ईसीई मान्यता असणं नव्हे. रोल बार, सीट, हार्नेस, प्रत्येकाची कागदोपत्री नोंद तपासणी केंद्रात विचारून घ्यायची, बसवण्याआधी. आणि घरी जाताना, हेल्मेट काढल्यावर, गाडीचा मूळ तीन-पॉइंट पट्टाच बांधायचा. म्हणून तो काढून टाकायचा नाही.

तेव्हा माझ्या तरुण मित्राला उत्तर असं: चार की सहा हा तुझा शेवटचा प्रश्न असू दे. आधी रोल बार, सीट, हेल्मेट, मानेचं साधन आणि बोल्टची जागा, मग पट्टा. एवढं सगळं एकदम परवडत नसेल, तर सगळं होईपर्यंत मूळ पट्ट्यावरच चालव. तीही एक पूर्ण व्यवस्था आहे, आणि अर्ध्या व्यवस्थेपेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.