रस्ता सगळ्यांचा, बाजार कोणाचा?

१९९५ हे साल जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ३० एप्रिलला अमेरिकेत एनएसएफनेट हे सरकारी पैशावर चालणारं मुख्य जाळं बंद झालं आणि त्याची वाहतूक खासगी कंपन्यांकडे गेली. जुलैत सिॲटलमध्ये ॲमेझॉन नावाचं पुस्तकांचं ऑनलाइन दुकान उघडलं. ३१ जुलैला कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला, तो भारतातला पहिला मोबाइल कॉल. १५ ऑगस्टला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेटची जोडणी द्यायला सुरुवात केली. सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार यांनी लिलावाचं एक संकेतस्थळ सुरू केलं, तेच पुढे ईबे झालं. आज पुण्यातलं एखादं कुटुंब मोबाइलवरून देवगडच्या बागायतदाराकडे हापूसची पेटी मागवतं, त्या व्यवहाराचे बरेचसे धागे या पाच महिन्यांपर्यंत मागे नेता येतात.

त्यातली सगळ्यात कमी आठवली जाणारी घटना पहिली आहे. एनएसएफनेट शिक्षण आणि संशोधनासाठी होतं, त्यावर धंदा करायला मनाई होती. म्हणजे पंचवीसएक वर्षं रस्ता बांधला गेला तो विद्यापीठांच्या आणि सरकारच्या खर्चाने, आणि बाजार त्यावर नंतर भरला. इंटरनेट, वेब आणि ऑनलाइन व्यापार या आपण एकाच श्वासात घेतो त्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांचा जन्म वेगळा आहे आणि स्वभावही वेगळा आहे. पहिल्या दोन कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. तिसरी झपाट्याने मोजक्या हातांत जाते आहे. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, पण त्यासाठी तिन्ही गोष्टी मुळापासून पाहायला हव्यात.

इंटरनेटची मूळ कल्पना १९६०च्या दशकातली. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे ती मांडली. जुन्या टेलिफोनमध्ये बोलणं सुरू असेपर्यंत दोन टोकांमधली अख्खी लाइन अडून राहायची, कोणी गप्प बसलं तरीही. त्याऐवजी संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर कुठून आला आणि कुठे जायचं ते लिहावं आणि ज्याला जशी वाट मिळेल तसं त्याला जाऊ द्यावं. शेवटच्या ठिकाणी तुकडे क्रमाने लावायचे, एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवायचा. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात आणि आजही एका पॅकेटमध्ये साधारण दीड हजार बाइट मावतात. २९ ऑक्टोबर १९६९ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला अर्पानेट या सुरुवातीच्या जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली.

पुढे अशी वेगवेगळी जाळी तयार झाली, आणि ती एकमेकांशी बोलणार कशी हा प्रश्न आला. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४मध्ये त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. १ जानेवारी १९८३ला अर्पानेटने ते नियम स्वीकारले. त्यांचं नाव टीसीपी/आयपी. त्यातला सगळ्यात मोठा निर्णय असा, की मधल्या जाळ्याने पॅकेट फक्त पुढे सरकवायचं, आत काय आहे याची चौकशी करायची नाही. हुशारी दोन्ही टोकांना. त्यामुळे नवं काही सुरू करायला जाळ्याच्या मालकाची परवानगी लागत नाही. ईमेल, वेब, व्हॉट्सॲप, यूपीआय यांच्यापैकी कशासाठीही इंटरनेट नव्याने बांधावं लागलं नाही.

भारतात असं जाळं उभारायचं काम विदेश संचार निगमच्या आधी जवळजवळ दहा वर्षं सुरू झालं होतं. १९८६मध्ये अर्नेट हा प्रकल्प आकाराला आला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही संस्था होती. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचं नाव आज इंटरनेटच्या जागतिक सन्मानयादीत आहे. आपल्याकडच्या पहिल्या ईमेल या वर्तुळात फिरल्या. इतक्या मोठ्या गोष्टीचं एक मूळ जुहूत आहे हे मुंबईकरांनाही फारसं माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

मुंबईचं या जाळ्यातलं स्थान मात्र त्याहून जुनं आहे. इंटरनेट उपग्रहावरून येतं अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात देशादेशांमधली जवळजवळ सगळी माहिती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जाते. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या नळीइतकी जाड असते. तिच्या आत केसासारखे बारीक काचेचे तंतू, आणि त्यांतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावणारा प्रकाश. प्रकाश क्षीण होतो म्हणून काही काही अंतरावर त्याला पुन्हा बळ देणारी यंत्रं समुद्राखालीच बसवलेली असतात आणि त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधून पुरवली जाते. भारतात येणाऱ्या केबलपैकी अनेक वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. जिथे कोळीवाड्यातल्या होड्या लागतात, त्याच किनाऱ्याच्या वाळूखालून युरोप आणि आखाताशी आपलं बोलणं चालू असतं.

वाटही जुनीच आहे. १८७०मध्ये इंग्लंडहून समुद्राखालची तारायंत्राची केबल मुंबईला पोचली ती सुएझ आणि एडनमार्गे. आजच्या केबलही तांबड्या समुद्रातून, इजिप्त ओलांडून जातात. जगाच्या नकाशावर सोयीच्या वाटा फार नसतात, त्यामुळे धोकाही तिथेच एकवटतो. जानेवारी २००८च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची निम्म्याहून अधिक क्षमता गेली. सप्टेंबर २०२५मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तसंच घडलं. अशा वेळी जाळं मंदावतं, पण मरत नाही, कारण पॅकेटना दुसरी वाट शोधता येते. बॅरन यांची साठ वर्षांपूर्वीची कल्पना आजही अशी उपयोगी पडते.

आता वेब. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ येत-जात असत आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळ्या संगणकावर, वेगळ्या पद्धतीने ठेवलेली असत. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये त्यावर एक प्रस्ताव दिला. प्रत्येक कागदाला एक पत्ता असावा, कोणत्याही कागदातून दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवता यावं, आणि तो मागवायची पद्धत सगळीकडे एकच असावी. या तीन गोष्टी म्हणजेच यूआरएल, दुवा आणि एचटीटीपी. १९९१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपलं काम जगासमोर ठेवलं. वेब म्हणजे इंटरनेट नव्हे, ते इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक आहे.

पण वेब जिंकलं का, याची गोष्ट मला तंत्राहून महत्त्वाची वाटते. त्या वेळी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची गोफर नावाची पद्धत वेबहून अधिक वापरात होती. १९९३च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं, की गोफरच्या काही वापरासाठी आता परवाना-शुल्क लागेल. रक्कम किती हा प्रश्नच नव्हता. आज फुकट असलेल्या गोष्टीचं उद्या बिल येऊ शकतं, एवढी शंका पुरेशी होती. ३० एप्रिल १९९३ला सर्नने वेबची मूळ आज्ञावली सगळ्यांसाठी खुली केली, हक्क सोडून दिले. त्याच वर्षी इलिनॉयच्या विद्यापीठातून चित्रं आणि मजकूर एकाच पानावर दाखवणारा मोझेइक हा ब्राउझर आला. लोक गोफर सोडून वेबकडे वळले. एका संस्थेने दार लावायचा विचार केला, दुसरीने दार काढूनच टाकलं, आणि दुसऱ्या संस्थेच्या त्या कागदावर आज जगाचा व्यापार उभा आहे.

मराठीला मात्र या खुल्या अंगणात यायला वेळ लागला. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांचा फॉन्ट प्रत्येकाचा वेगळा, तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती चिन्हं. सगळ्या लिपींसाठीची युनिकोड ही सामाईक पद्धत रुळली तेव्हा कुठे मराठी मजकूर शोधता येऊ लागला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, पण मोठ्या खरेदी-ॲपवर मराठी यायला २०२१ उजाडलं.

व्यापारासाठी आणखी एक अडचण सोडवावी लागली. खुल्या जाळ्यावर पॅकेट अनेक अनोळखी यंत्रांमधून जातं, मग त्यात कार्डाचा क्रमांक कसा लिहायचा? याचं उत्तर गणितात आधीच सापडलेलं होतं. १९७६मध्ये डिफी आणि हेलमन यांनी, आणि पुढच्या वर्षी रिव्हेस्ट, शामिर आणि ॲडलमन यांनी दाखवून दिलं, की दोन किल्ल्यांची कुलपं करता येतात. एक किल्ली सगळ्यांना वाटायची, तिने फक्त बंद करता येतं. उघडणारी किल्ली एकाकडेच. नेटस्केप कंपनीने १९९५च्या सुमारास ही युक्ती ब्राउझरमध्ये घातली. पत्त्याच्या सुरुवातीला ‘https’ असतं, त्यातलं शेवटचं अक्षर हेच सांगतं. मात्र ते दुकानदार प्रामाणिक आहे असं सांगत नाही. तुमचं बोलणं मधल्या कोणाला ऐकू जात नाही आणि पत्ता लिहिलेला आहे तोच आहे, एवढीच त्याची हमी. लबाडाच्या दुकानालाही असं कुलूप सहज मिळतं. हा फरक शाळेत शिकवायला हवा, इतका तो आज गरजेचा आहे.

कारण व्यापाराचा खरा पाया विश्वास आहे, आणि तो गणिताने मिळत नाही. आपल्याकडे तो कसा वाढला याचा क्रम मोठा बोलका आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २०००ला लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना कायद्याची मान्यता मिळाली. ऑगस्ट २००२मध्ये आयआरसीटीसीने रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकायला सुरुवात केली. पैसे संगणकावर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं! तरीही लोकांनी ते घेतलं, कारण विकणारी रेल्वे होती. ती पळून जाणार नव्हती आणि तिकिटात भेसळ नसते. २००७मध्ये बंगळुरूत फ्लिपकार्ट सुरू झालं ते पुस्तकांपासून, ॲमेझॉनसारखंच. पुस्तक कुठूनही घेतलं तरी तेच असतं. पुढे साड्या, बूट, फोन आले तेव्हा ग्राहक बिचकला, म्हणून २०१०मध्ये फ्लिपकार्टने वस्तू हाती आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली. त्यातून बाजार वाढला, पण परत आलेल्या पार्सलचा भुर्दंड विक्रेत्यावर पडू लागला. २००९च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना दुसऱ्या पडताळणीची अट घातली होती. तेव्हा व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, आज ओटीपीशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

आणि मग एप्रिल २०१६मध्ये मुंबईतल्या एनपीसीआय या संस्थेने यूपीआय आणलं. हा मला या देशाच्या डिजिटल इतिहासातला सगळ्यात सुंदर निर्णय वाटतो. कोणत्याही बँकेचं खातं, कोणाचंही ॲप, आणि पैसे थेट खात्यातून खात्यात. इंटरनेटचीच खुली रीत पैशाला लावली गेली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. फसवणूकही त्याच वाटेने आली. म्हणून घरातल्या प्रत्येक ज्येष्ठ माणसाला सांगून ठेवावं: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन म्हणजे पैसे देणं. आणि फसलात तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा, पहिले काही तास मोलाचे असतात.

विश्वासाची सगळ्यात अवघड परीक्षा आंब्याची. फोटोवरून हापूसचा वास येत नाही, आणि कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत शिरला तर शहरी ग्राहकाला सहज कळत नाही. २०२०च्या टाळेबंदीत घाऊक बाजाराची घडी विस्कटली, तेव्हा कोकणातल्या अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांशी थेट संपर्क साधला. मागणी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने, टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी. मधे कोणतीही मोठी कंपनी नव्हती. हंगाम संपला तरी ग्राहकांची यादी बागायतदाराच्याच फोनमध्ये राहिली, आणि पुढच्या वर्षी त्यानेच पहिला निरोप पाठवला. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं होतंच. २०२५च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने त्यापुढचं पाऊल टाकलं: फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर, आणि तो ग्राहकाला फोनवरून तपासता येण्याची सोय. समुद्राखालच्या केबलइतकंच मला हे स्टिकर मोलाचं वाटतं.

याउलट मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याचं काय होतं ते पाहा. ग्राहक त्याचा नसतो, बाजारपेठेचा असतो. त्याचा माल शोधात कितव्या जागी दिसेल हे दुसरं कोणी ठरवतं, वर दिसायचं तर जाहिरातीचे पैसे, विकलं गेलं की कमिशन. ग्राहकालाही ‘फक्त दोनच उरले’ अशी घाई केली जाते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचं नाव, मालाचा मूळ देश आणि क्रम लावण्याचे मुख्य निकष उघड करायला सांगितलं. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला भुलवणाऱ्या १३ प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. नियम चांगले आहेत, पण ते बाजारपेठेच्या मालकाला सभ्य वागायला सांगतात. मालकी तशीच राहते.

त्या मालकीलाच हात घालायचा प्रयत्न म्हणजे ३१ डिसेंबर २०२१ला स्थापन झालेलं ओएनडीसी. खरेदीदाराचं ॲप एक, विक्रेत्याचं दुसरं, दोघांमधली भाषा सामाईक. ईमेलमध्ये नाही का, मी एका कंपनीकडचा, तुम्ही दुसरीकडचे, तरी पत्र पोचतं. कल्पनेत खोट नाही, पण यूपीआयसारखी झेप तिने अजून घेतलेली नाही. पैसा सगळीकडे सारखाच असतो. वस्तू मात्र सडते, उशिरा पोचते, परत येते, आणि तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न मालकाविना चालणाऱ्या बाजारात फार कठीण होतो. तो सुटेपर्यंत या प्रयत्नामागे सरकारने आणि सहकारी संस्थांनी नेटाने उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

यूपीआयचीही कसोटी संपलेली नाही. वाट खुली असूनही तिच्यावरची ८० टक्क्यांच्या आसपास वाहतूक दोनच ॲपमधून होते. कोणाही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२०मध्येच केला. मर्यादेबाहेर गेलेल्यांना तो पाळण्यासाठी दिलेली मुदत दोनदा पुढे ढकलली गेली आणि ३१ डिसेंबर २०२६पर्यंत नेली गेली.